पाचवीतल्या मुलाला वाचता येत नाही, शाळेकडे हक्काने काय मागता येतं?

तुर्भे_स्टोअर: आमच्या शेजारी एक कुटुंब आहे, वडील एपीएमसीत माथाडी, आई घरकामं करते. मुलगा पाचवीत, मराठी माध्यम. हिशोब तोंडी फटाफट करतो पण दुसरीचं पुस्तक दिलं की जोडाक्षरापाशी अडतो आणि मग गप्पच बसतो. आई शाळेत गेली तर म्हणे घरी अभ्यास घ्या. तिला जेमतेम सही येते, ती काय घेणार? यंदा पाचवीची परीक्षा पण आहे, फेरपरीक्षेतही राहिला तर त्याच वर्गात बसवतात. कायद्याने काही मागता येतं का?

ऐरोलीकर: ताई, एखादा क्लास लावा ना. शाळेशी भांडून मुलालाच त्रास होतो.

कळवा_खाडी: क्लासची फी परवडते त्याच्या मुलाने वाचायचं आणि बाकीच्यांनी नाही, असं कसं चालेल दादा? २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१अ आलं, ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. नुसतं पटावर नाव असणं म्हणजे शिक्षण नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) कलम २४ बघा, प्रत्येक मुलाला किती येतं ते तपासून गरज असेल तर जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, आणि पालकांना प्रगती सांगणंसुद्धा. म्हणजे ती आई उपकार मागत नाहीये. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मुलांनी याच मुद्द्यावर केस केली होती, २०२० मध्ये अपील कोर्टाने वाचता येण्याइतकं शिक्षण हा घटनात्मक हक्क मानला, पुढे राज्य सरकारने तडजोड केली आणि तो निकाल बाजूला ठेवला गेला. आपल्याकडे तर हक्क घटनेत थेट लिहिलेला आहे, तरी आपण क्लास शोधतो याचं मला फार वाईट वाटतं.

वागळे_इस्टेट_बाई: मी प्राथमिकला शिकवते. आधी नेमका कुठे अडतो ते बघा: अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट, 'असर' या 'प्रथम' संस्थेच्या शिक्षणविषयक सर्वेक्षणात मुलं अशीच तपासतात. मग इयत्ता बाजूला ठेवून त्याच पातळीच्या मुलांच्या गटात रोज तासभर मोठ्याने वाचन, बोलणं, लिहिणं. पाचवीचा धडा दहादा उतरवून काढायला लावण्यात काही अर्थ नाही. वर्गात पन्नास मुलं, त्यात आम्हाला निवडणुकीची कामं, हे खरंय, पण त्याची किंमत या पोराने का द्यायची? डोळे आणि कान पण तपासून घ्या.

तुर्भे_स्टोअर: बाई, खूप आभार. अर्ज कोणाच्या नावाने द्यायचा?

कळवा_खाडी: मुख्याध्यापकांच्या नावाने, 'कलम २४ नुसार जादा अध्यापन मिळावं' असं लिहा, एका प्रतीवर पोच घ्या. दुसरी प्रत शाळा व्यवस्थापन समितीला, तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात. सोबत वर्गातल्या अजून चारपाच आयांना न्या, असा मुलगा एकटाच नसणार.