एमआयडीसीजवळ फ्लॅट घेतला म्हणजे कानात बोळे घालून झोपायचं का?

रातजागा_ऐरोली: काल एका महाशयांनी लिहिलं, "एमआयडीसीच्या भिंतीला लागून स्वस्तात घर घ्यायचं आणि मग जनरेटरच्या नावाने रडायचं. आधी आला तो मालक." चार ओळींत उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा. स्वस्त कोणाला म्हणता हो? माझा हप्ता तुम्ही भरता का? आणि आधी आला तो मालक हा कायदा कुठला? लंडनमध्ये एका मिठाईवाल्याचे खलबत्ते वर्षानुवर्षं वाजत होते, शेजारच्या डॉक्टरने नंतर भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि १८७९ साली केस जिंकला तो डॉक्टरच! आपल्याकडेही "तुम्ही नंतर राहायला आलात" हा बचाव कोर्टात टिकत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे, आणि आमच्या बाजूचे आयटीवाले टेस्टिंगच्या नावाखाली रात्रीच डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, चालू करतात, खिडक्या थरथरतात, धूर सरळ बेडरूममध्ये.

घोडबंदरचा_काका: मीच तो महाशय. ठाणे-बेलापूर रोडचे कारखाने नवी मुंबईच्या आधीचे आहेत, बिल्डरने ब्रोशरमध्ये फक्त खाडी दाखवली तर कारखान्याने काय करायचं? औद्योगिक भागाला दिवसा ७५, रात्री ७० आहे, तेही वाचा. नियम ७ पण वाचा, मर्यादेच्या वर १० डेसिबल गेलं तरच तक्रार करता येते, म्हणजे तुमचे ४५ चे झाले ५५. मोबाईलच्या अ‍ॅपवरचं रीडिंग घेऊन जाणार असाल तर शुभेच्छा. आणि लाईट गेल्यावर तुमच्या सोसायटीची लिफ्ट काय सौरऊर्जेवर चालते?

तारीख_पे_तारीख: दोघांनीही अर्धंच वाचलंय. १० डेसिबलची अट पोलिसांकडच्या तक्रारीला आहे. दिवाणी कोर्टात न्यूसन्सचा, म्हणजे शेजारच्या उपद्रवाचा, दावा टाकून मनाई हुकूम मागायचा तर प्रश्न एवढाच की साध्या माणसाला तिथे नीट राहता येतं का. अलाहाबाद हायकोर्टाने १९७८ मध्ये पिठाच्या गिरणीच्या आवाजाला न्यूसन्स ठरवलं होतं. सगळ्या गल्लीला त्रास असेल तर बीएनएसएस (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १५२, जुन्या सीआरपीसीचं १३३. एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादात, जायचं तर सहा महिन्यांच्या आत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभर शिव्या घालून मग नाही.

नौपाड्याची_मावशी: गिरणी??? ताई, तुमच्यासारख्यांमुळेच आमच्या बिल्डिंगखालची गिरणी गेली. नवीन फ्लॅटवाल्याला दुपारी झोप लागेना, आला नोटीस घेऊन. आता ज्वारीचा डबा घेऊन रिक्षाने जायचं, सासूबाईंना पाकिटातल्या पिठाची भाकरी चालत नाही, थापताना तुटतेच ती.

रातजागा_ऐरोली: मावशी, विषय जनरेटरचा आहे. घरघंटी घ्या ना.

घोडबंदरचा_काका: घरघंटी!! आमच्या वरच्या मजल्यावर रात्री अकराला चालू होते. जनरेटर परवडला. त्यावर टाका केस.

नौपाड्याची_मावशी: अकराला चालू होते कारण ती बाई आठला कामावरून येते. तुम्ही दळून देता का तिला?

घोडबंदरचा_काका: मी रिटायर्ड माणूस आहे, दोन घटका शांत झोप मागतोय, त्यात काय चुकलं?

रातजागा_ऐरोली: 😂 काका, हेच मी वर लिहिलंय. घरघंटी तुमच्याआधी आली होती का नंतर, तेवढं सांगा.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो: तुमची झोप राहू द्या. २६ मे २०१६ ला डोंबिवली एमआयडीसीत कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आमच्या काचा फुटल्या, २३ मे २०२४ ला परत तेच. तेव्हा कोणी डेसिबल मोजले नाहीत. दिल्लीच्या कारखान्यातल्या ओलियम (तीव्र आम्ल) गळतीनंतर सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की धोकादायक धंदा करणाऱ्याने नुकसान भरायचंच, काळजी घेतली होती वगैरे सबब चालणार नाही. पण काचेवाल्याचं बिल घेऊन जायचं कोणाकडे? आमचे पैसे आम्हीच भरले.

घोडबंदरचा_काका: स्फोटाचं वेगळं आहे, त्यात वाद नाही. उगाच मिसळू नका.

तारीख_पे_तारीख: वेगळं कसं? डिझेल साठवतात ना तिथे? ऐरोलीवाले, आवाजाआधी धुरांडं बघा. जनरेटर ज्या बिल्डिंगमध्ये आहे तिच्या उंचीवर ०.२ गुणिले केव्हीएचं (जनरेटरच्या क्षमतेचं) वर्गमूळ एवढे मीटर हवं, १००० केव्हीएला साधारण सव्वासहा मीटर. धूर बेडरूममध्ये येतोय म्हणजे बहुतेक तिथेच सापडतील. प्रदूषण मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि मोजणी त्यांच्याच मीटरने मागा, रात्रीची.

घोडबंदरचा_काका: धुरांड्याचा मुद्दा ठीक आहे. तेवढाच. बाकी घर बघायला रविवारी सकाळी जाणाऱ्यांना माझी सहानुभूती नाही.

रातजागा_ऐरोली: उपकार झाले काका. अर्ज उद्या टाकतो. ताई, पोच घ्यायची ना?

तारीख_पे_तारीख: शिक्क्यासकट. आणि खाली सही तुमच्या एकट्याची नको, पूर्ण विंगची.

नौपाड्याची_मावशी: मी सही देते, ठाण्याची चालत असेल तर. पण आधी कोणीतरी सांगा, घरघंटीत भाजणी दळली जाते का नीट, की जाळी तुंबते?