मराठी मजकुरात 'बिलियन' हवाच कशाला?

कोष्टक (धागाकर्ता)
परवा एका मराठी बातमीत वाचलं, 'कंपनीला २.४ बिलियनचा तोटा'. रुपये की डॉलर, पत्ता नाही. आणि बिलियन म्हणजे किती, हे वाचकाला ठाऊकच असणार असं गृहीत धरलेलं.

माझ्या मते मराठीत बिलियन लिहूच नये. आपल्याकडे अब्ज आहे, आणि तो कुठल्या समितीने परिभाषा कोशासाठी पाडलेला शब्द नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व अशी दहादहा पटींनी चढत परार्धापर्यंत जाणारी यादी आहे. त्यातला अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्यं. आजचा इंग्रजी बिलियनही तेवढाच. मग अडतंय कुठे?

दादरकर_७
अडतंय इथे, की अब्ज कोणाला उमगत नाही. एकं-दहं-शतं घोकताना दशकोटीपर्यंत अर्थ कळतो, पुढचं खर्व-निखर्व नुसतं तालावर म्हणायचं. बँकेत, बाजारात, कोर्टात कधी अब्ज ऐकलाय? 'अब्जाधीश' तेवढा चालतो, आणि त्याचाही अर्थ वाचणाऱ्याच्या लेखी 'लई पैसेवाला' इतकाच. ऑफिसात दिवसभर बिलियन ऐकणाऱ्याला बिलियनच कळतो. शुद्धीकरणाची हौस पुरे झाली राव.

कोष्टक
कळतो? मग न थांबता सांगा, ७ बिलियन म्हणजे किती कोटी. थांबलात ना? ती बातमी मी नंतर शोधून पाहिली. तोटा डॉलरमध्ये होता, म्हणजे वीस हजार कोटी रुपयांच्या वर. रुपये समजून वाचणाऱ्याच्या डोक्यात २४० कोटी राहिले असणार.

राईनकाठचा
बिलियन जगभर एकच, हा समज आधी सोडा. इथे जर्मनीत 'बिलियोन'वर बारा शून्यं असतात. नऊ शून्यांना 'मिलियार्डे' म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्येही बिलियनला बाराच. जुना हिशोबही तोच. निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाच्या १४८४ च्या हस्तलिखितात बिलियन येतो तो मिलियन गुणिले मिलियन या अर्थाने. ब्रिटिशांचा बिलियनही बरीच वर्षं बारा शून्यांचा होता, नऊवाला अमेरिकेचा. डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी संसदेत उत्तर देताना सांगितलं, की सरकारी आकड्यांत बिलियनचा अर्थ हजार मिलियन असाच घ्यायचा. तेव्हा त्याआधीचं ब्रिटिश पुस्तक मराठीत आणत असाल तर शून्यं मोजून घ्या. आणि जर्मनीचं वार्षिक उत्पन्न इथल्या पेपरात 'चार बिलियोन युरोच्या वर' असं छापून येतं, ते कोणी जसंच्या तसं 'चार बिलियन' केलं, की आम्ही एका फटक्यात हजारपट गरीब!

दादरकर_७
रंजक आहे, पण आपल्या बातम्या जर्मनमधून थोड्याच येतात? इंग्रजीतून येतात, आणि आजच्या इंग्रजीत नऊ शून्यांवर भांडण नाही.

ताळेबंद
मी सीए. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीत आकडे कशात मांडायचे ते दिलंय. त्यात लाख आहे, मिलियन आहे, मोठ्या कंपन्यांसाठी कोटी आहे. बिलियन नाही. तो येतो परदेशी गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड्समधून, आणि वार्ताहर तोच उचलून चिकटवतात.

पण कोष्टक, तुमचा अब्जही मला नको. कोटी पुरतो. जगाची लोकसंख्या ८०० कोटी म्हटलं, की आपल्या १४० कोटींशी तिथल्या तिथे ताडून बघता येते. २०२४-२५ चा केंद्रीय अर्थसंकल्प ४८ लाख कोटींचा होता. 'लाख कोटी' कानाला खटकतं खरं, पण चहाच्या टपरीवरही समजतं.

नभोवाचक
पैशापुरतं ठीक. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, आकाशगंगेत दहा हजार कोटींहून जास्त तारे, हे वाचताना जीभ अडखळते. १३.८ अब्ज किती सुटसुटीत! खगोलशास्त्रावर मराठीत लिहिणारे अब्ज सर्रास वापरतात आणि वाचक सरावतात.

जाता जाता, हिंदीतून भाषांतर करणाऱ्यांनो, जपून. अरब म्हणजे अब्ज, इथवर ठीक. पण त्यांचा खरब १०० अरबांचा आणि आपला खर्व १० अब्जांचा. खरबचं खर्व केलंत की एक शून्य गळालं.

दादरकर_७
घ्या! घरच्या शब्दांचंच आपसात जमत नाही आणि दोष बिलियनला. आपलं राज्य सरकारसुद्धा 'एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था' म्हणतं. 'एक लाख कोटी डॉलर' कोण म्हणतं?

ताळेबंद
म्हणायला लागले तर लोक त्याच दमात विचारतील, राज्यावर कर्ज किती लाख कोटींचं?

राईनकाठचा
ट्रिलियन इथे येऊन बोलू नका म्हणजे झालं. आमच्याकडे त्याला अठरा शून्यं लागतात.