‘संत तुकाराम’, व्हेनिसचा सन्मान आणि आजीचा नमस्कार

पडदाप्रेमी :

आषाढी एकादशीच्या आधीच्या रविवारी आमच्या चित्रपट मंडळात प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ दाखवायचे ठरले आहे आणि सुरुवातीला पंधरा मिनिटे बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्रेक्षकांत निम्मी मंडळी वारी केलेली, गळ्यात माळ असलेली असतील आणि उरलेली निम्मी महाविद्यालयातली मुले, ज्यांनी हा चित्रपट पाहिला असलाच तर मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिला आहे. काय बोलावे हे ठरवायला बसले आणि एका प्रश्नापाशी अडले, म्हणून येथे विचारते आहे.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो निमगाव केतकीजवळच्या आमच्या गावी, विठ्ठलमंदिरासमोरच्या पटांगणात. दोन बांबूंना पांढरे धोतर ताणून बांधले होते आणि वारा सुटला की तुकोबांच्या कपाळावर आपोआप आठ्या पडत. आजीने बसण्याआधी चपला लांब काढून ठेवल्या. तुकोबांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले तसे तिने हात जोडले, आणि शेवटी सगळे उठून गेल्यावर तिने त्या धोतराच्या काठाला कपाळ टेकवले. त्या दिवशीचा बुक्क्याचा काळा ठिपका त्या कापडावर उमटलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

पुढे काही वर्षांनी पुण्यात एका फिल्म सोसायटीत हाच चित्रपट पुन्हा पाहिला. तिथे वाटलेल्या पत्रकाची पहिलीच ओळ १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला मिळालेल्या खास उल्लेखाची होती. नंतर तासभर चर्चा झाली ती चित्रीकरणावर, ध्वनीवर आणि चमत्कारांच्या दृश्यांत केलेल्या करामतींवर. चर्चा चांगलीच झाली, मला तीतून शिकायलाही मिळाले, पण आजीने ज्याला नमस्कार केला त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.

मी स्वतः आता देव मानत नाही. तरीही हा चित्रपट पाहताना माझा गळा दरवेळी दाटून येतो, आणि त्याला केवळ आजीची आठवण कारणीभूत आहे असे मला वाटत नाही. तेव्हा प्रश्न असा, की श्रद्धेच्या चित्रपटाला जेव्हा पुरस्कार मिळतो तेव्हा परीक्षक नेमके काय तोलत असतात? व्हेनिसच्या परीक्षकांना विठोबा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मग त्यांनी पाहिलेला आणि माझ्या आजीने पाहिलेला चित्रपट एकच होता का? आणि मी बोलताना व्हेनिसपासून सुरुवात करावी की करू नये?

जुना सभासद :

पडदाप्रेमीताई, एकच होता असे मी ठामपणे म्हणेन, आणि त्याचे कारण तुकोबांची बायको आवली आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण तुमच्याकडच्या मुलांना ती उपयोगी पडेल. हा चित्रपट १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या ‘सेंट्रल’मध्ये लागला आणि तिथेच वर्षाहून अधिक काळ चालला. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, एकमेकांचे जिवलग, आणि प्रभातच्या संस्थापकांपैकी. दामल्यांचे लक्ष ध्वनीकडे आणि यंत्रांकडे, तर फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे माहीर. वारकऱ्यांनी ज्या चित्रपटाला देव्हाऱ्यात बसवले त्यातले देहू गाव एका मुसलमान कलावंताच्या नजरेतून उभे राहिले आहे, हे मी तरी प्रत्येक व्याख्यानात सांगतो आणि सांगताना मला त्याचा अभिमान वाटतो.

आता आवलीकडे येतो. शिवराम वाशीकरांनी पटकथा लिहिताना आणि गौरीबाईंनी भूमिका करताना तिला कजाग बायकोच्या साच्यात कोंबले असते, तर हा चित्रपट दहा वर्षांत विसरला गेला असता. तुकोबा अभंगात रंगलेले असतात तेव्हा घरात दाणा नाही हे आवलीला कळत असते, आणि हे कॅमेऱ्यालाही कळत असते. मूल तापाने फणफणलेले असताना ती त्याला ओढत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन विठोबापुढे उभी राहते. भक्तिपटात देवावर वहाण उगारणारी बाई दाखवायची आणि प्रेक्षकाला तिचा राग न येता तिची कणव यावी असे ते दृश्य रचायचे, हे धैर्य आजही सहज आढळत नाही. परक्या मुलुखातल्या माणसाला विठोबा कोण हे ठाऊक नसेल, पण आजारी लेकरू आणि रिकामी चूल ठाऊक असतेच. त्या दारातून तो आत येतो आणि मग तुकोबांच्या मुद्रेवरचा आनंद खरा आहे हे त्याला पटते, कारण तेवढीच खरी आवलीची भूक त्याने आधी पाहिलेली असते.

तुमच्या आजींनी त्या दृश्याला काय केले होते, हे आठवते का? मला ते जाणून घ्यायला आवडेल.

आणखी एक गोष्ट बोलण्यात अवश्य घ्या. ‘आधी बीज एकले’ हे पद तुकोबांचे नाही, ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिले आणि केशवराव भोळ्यांनी त्याला चाल दिली. ते इतके अस्सल उतरले की जाणकारांनी ते गाथेत शोधले, असे सांगतात. आठवल्यांनी तुकोबांची भाषा किती मुरवून घेतली असेल याचा विचार करा. परीक्षक याला कारागिरी म्हणतील आणि माळकरी याला प्रसाद म्हणतील. ज्या ओळीवरून हे म्हटले जाते ती ओळ मात्र तीच आहे.

औदुंबर :

काकांचे आवलीविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण चित्र एवढे सरळ नाही असे मला वाटते. चित्रपटाच्या शेवटी विमान येते आणि तुकोबा सदेह वैकुंठाला जातात. महाराष्ट्रात असे असंख्य लोक आहेत ज्यांना ही कथा मान्य नाही आणि ज्यांच्या मते तुकोबांचा घात झाला. चित्रपट तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवणाऱ्या सालोमालोचा दंभ दाखवतो, गाथा इंद्रायणीत बुडवायला लावणारी सत्ता दाखवतो, आणि नेमक्या शेवटच्या क्षणी प्रश्न विमानात बसवून आकाशात पाठवून देतो. तुमच्या मंडळात महाविद्यालयातली मुले असतील तर त्यांच्यापैकी कोणीतरी हे विचारणारच, त्यासाठी तयारी असू द्या.

पुरस्कारांबद्दल माझे निरीक्षण असे आहे, की अलीकडे परीक्षकांचा कल श्रद्धेपेक्षा श्रद्धेच्या चिकित्सेकडे आहे. उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’ पाहा. हरवलेली गाय शोधणाऱ्या केशाला औदुंबराखाली दत्त दिसतात आणि बघता बघता सगळे गाव त्या दर्शनाचा बाजार मांडते. गावातल्या अण्णांनी आखलेला रुग्णालयाचा आराखडा बाजूला पडतो, देऊळ उभे राहते, त्यापाठोपाठ दुकाने येतात. २०११ सालासाठी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर विभागून मिळाले आणि गिरीश कुलकर्णींना अभिनयासाठी आणि संवादांसाठीही मिळाले. मी तालुक्याच्या गावी राहतो. आमच्याकडे रस्ता रुंद करताना एका वडाखाली शेंदूर फासलेला दगड निघाला, आणि दोन वर्षांत तिथे सभामंडप, नारळाच्या चार टपऱ्या आणि पार्किंगची पावती आली. त्यामुळे ‘देऊळ’ पाहताना मला विनोदापेक्षा धसकाच अधिक जाणवला. असा चित्रपट पुरस्काराला पात्र ठरतो हे मला फार मोलाचे वाटते, आणि आज नव्याने ‘संत तुकाराम’ कोणी केला तर त्याला तसा मान मिळेल का, याची मला शंका आहे.

दोन ओळी :

फक्त एक दुरुस्ती. राष्ट्रीय पुरस्कारांचा कल चिकित्सेकडेच असतो हे इतिहासाला धरून नाही. जी. व्ही. अय्यर यांच्या ‘आदि शंकराचार्य’ला १९८३ सालासाठी आणि त्यांच्याच ‘भगवद्गीता’ला १९९२ सालासाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला आहे, आणि दोन्ही संस्कृतात आहेत. त्याच्याही आधी, १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. तिच्यातली श्रद्धा देवळातली नसून न्हाणीघराजवळची आहे. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, असे आई ओले पाय टेकायला आपला पदर पसरून सांगते.

वसईकर :

या चर्चेत एक जुना धागा जोडावासा वाटतो. दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या नाताळाच्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. डोळ्यांसमोर ख्रिस्त सरकत होता आणि त्यांना मात्र कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. नंतर ते पत्नी सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखवायला घेऊन गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, त्याचे मूळ त्या अंधाऱ्या खोलीत आहे. आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक मराठीतच प्रार्थना करतो, त्यामुळे ही हकीकत मला लहानपणापासून आपल्या घरातली वाटत आली आहे. एका धर्माची प्रतिमा पाहून दुसऱ्या धर्माच्या माणसाची श्रद्धा जागी झाली, आणि तीही त्याने ख्रिस्ताला बाजूला न सारता. मग व्हेनिसच्या परीक्षकांना तुकोबा का पोहोचू नयेत?

त्याच व्हेनिसमध्ये १९५५ साली कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाच्या ‘ओर्डेट’ला सुवर्णसिंह हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मी तो उपवासकाळात, घरी, एकटाच पाहिला. एका शेतकरी कुटुंबातली सून बाळंतपणात दगावते. त्या घरातला एक मुलगा स्वतःला ख्रिस्त समजतो आणि सगळे त्याला वेडा ठरवतात. शेवटी शवपेटीपाशी तिची छोटी मुलगी त्याचा हात धरून उभी राहते आणि आईला उठव म्हणते. त्या क्षणी ड्रायर कोणतीही करामत करत नाही. पांढऱ्या भिंती, घड्याळ, उभी माणसे, आणि मग त्या बाईची गुंफलेली बोटे हळूच हलतात. मी बसल्या जागी क्रूसाची खूण केली. औदुंबर, तुमचा विमानावरचा आक्षेप मला समजतो, पण मला वाटते की चमत्कार दाखवावा की नाही याहून, त्या चमत्काराआधी दिग्दर्शकाने मरणाला पुरेसा वेळ दिला की नाही, यावर सगळे अवलंबून असते. ‘ओर्डेट’मधले बाळंतपण सहन होत नाही इतके लांबते. आणि ‘संत तुकाराम’मध्ये विमान वर जाते तेव्हा आवली खालीच राहते, हेही विसरून चालणार नाही.

औदुंबर :

आवली खालीच राहते, हे मी ध्यानात घेतले नव्हते. पुन्हा पाहीन. घाताच्या प्रश्नावरचे माझे मत त्याने बदलत नाही, पण चित्रपट प्रश्न आकाशात पाठवतो हे माझे वाक्य मी मागे घेतो, कारण प्रश्न तर अंगणातच उभा आहे.

पडदाप्रेमी :

सर्वांचे मनापासून आभार. जुन्या सभासदांनी विचारले म्हणून काल रात्री आईला फोन करून त्या संध्याकाळची पुन्हा चौकशी केली, कारण माझी आठवण अर्धवट होती. आईला सगळे लख्ख आठवते. आवलीने वहाण उचलली तेव्हा पटांगणातले दोनतीन पुरुष हसले होते. आजीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, “हसता काय, तिचं काय चुकलं?” वहाण उगारणाऱ्या बाईची बाजू घेणारी आणि नंतर पडद्याला कपाळ टेकवणारी आजी एकच होती, आणि ही गोष्ट इतकी वर्षे माझ्या ध्यानातून निसटली होती.

त्यामुळे मी असे ठरवले आहे, की सुरुवातीला काहीच बोलायचे नाही. पत्रकही वाटायचे नाही. चित्रपट संपल्यावर आधी माळकरी मंडळींना, विशेषतः बायकांना, वहाणेच्या दृश्याबद्दल विचारायचे आणि मुलांनी ते ऐकायचे. त्यानंतर दामले-फत्तेलाल, आठवल्यांचे पद, फाळक्यांचा नाताळ आणि सर्वांत शेवटी व्हेनिस. वैकुंठगमनावरचा प्रश्न मुलांनी काढला तर उत्तम, नाही काढला तर मीच काढीन. सभागृहाचा पडदा चांगला आहे, पण तो भिंतीवर उंच बसवलेला आहे आणि पुढे लाकडी मंच आहे. म्हाताऱ्या माणसांना जवळ जायचे झाले तर मंचाच्या डाव्या बाजूच्या तीन पायऱ्या मोकळ्या ठेवा आणि तिथला दिवा चालू ठेवा, असे मी व्यवस्थापकांना आज सांगून आले आहे.