पुतण्याचा ड्रायव्हर माझ्या मापाला कापू का?

गॅलरीतला_गोल्फर (कोथरूड):
नमस्कार मंडळी. वय 61, उंची 5 फूट 4 इंच, गोल्फ निवृत्तीनंतर सुरू केलं. पुतण्या अमेरिकेला गेला आणि जाताना क्लबचा (गोल्फच्या काठ्यांचा) अख्खा सेट माझ्या गळ्यात घालून गेला. त्याची उंची 6 फूट 1. ड्रायव्हर (सेटमधला सगळ्यात लांब क्लब) मोजला, साडेपंचेचाळीस इंच. आयर्न (धातूच्या पात्याचे, ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब) त्याने इंचभर लांब करून घेतलेले, सेव्हन आयर्न 38 भरला.

ड्रायव्हरचा बॉल उजवीकडे झाडीत जातो, आयर्नचा डावीकडे. येरवड्याच्या कोर्सवर कॅडी (गोल्फची बॅग उचलणारा) तर आता मी मारायच्या आधीच उजवीकडे चालू लागतो. सौ. म्हणतात, पायजमा आखूड करतो तसं कापून टाका. घरात हॅकसॉ आहे. कापू?

कानस_आणि_कॅलिपर (भोसरी):
काका, हॅकसॉ आधी माळ्यावर टाका. मी टूलरूमवाला, हात शिवशिवतात म्हणून माझा ड्रायव्हर एका रविवारी सरळ दीड इंच उडवला होता. दुसऱ्या दिवशी हातात काठी आहे की क्लब, कळेना. हेडचं, म्हणजे बॉलला लागणाऱ्या डोक्याचं, वजनच जाणवत नव्हतं. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड जाणवतं त्याचं माप) साधारण 3 पॉइंट उतरतं. माझं डी2 वरून थेट सी3 ला, म्हणजे 9 पॉइंट खाली आलं. एक पॉइंट परत आणायला हेडवर 2 ग्रॅम, म्हणजे मला 18 ग्रॅम शिशाची टेप चिकटवावी लागली. ड्रायव्हर कसला, ठिगळ लावलेली कढई!

तुमचे दोन्ही बॉल उलट्या दिशांना जातात याचं मला नवल वाटलं नाही. लांब ड्रायव्हरला तुम्ही लांब उभे राहता, स्विंग आडवा होतो आणि बॉल बहुतेक हीलकडे, म्हणजे हेडच्या दांडीजवळच्या बाजूला लागतो. हीलला लागलेला बॉल उजवीकडे वळतो. आयर्न लांब असला की टो (हेडचं बाहेरचं टोक) वर उचलला जातो आणि फेस (बॉलला लागणारी बाजू) डावीकडे बघतो. डिव्हट (क्लबने गवतात पडलेला खड्डा) हीलच्या बाजूला खोल पडतोय का, बघा.

आता फुकटातली तपासणी. बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करने मोठा ठिपका काढा, ठिपका फेसकडे ठेवून मारा. फेसवर डाग उमटेल. दहा बॉल नेहमीसारखे, दहा बॉल ग्रिप एक इंच खाली धरून. डाग मध्यावर सरकले तर लांबीचाच प्रश्न. मग त्या जागी ग्रिपवर टेपचा एक वेढा द्या आणि महिनाभर तिथेच धरून खेळा. कापलेलं परत येत नाही हो.

पाषाणकर:
पण लांबी घटवली की अंतर जाणारच ना? आधीच आमचं 180 यार्ड.

कानस_आणि_कॅलिपर:
थोडं जाईल. पण हीलला लागलेला बॉल तरी कुठे लांब जातो? अमेरिकन प्रो रिकी फाउलर 2017 मध्ये साडेत्रेचाळीस इंची ड्रायव्हर वापरत होता, जिमी वॉकर तर 42. नियमात कमाल 48 इंच चालतात (होलजवळ वापरायचा पटर सोडून), म्हणून तेवढे वापरलेच पाहिजेत असं नाही.

गॅलरीतला_गोल्फर:
केलं! नेहमीच्या पकडीत दहापैकी सात डाग हीलला, खाली धरल्यावर सहा मधोमध. कॅडी आज फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवतावरून) चालला. फक्त खाली धरलं की ग्रिप बारीक लागते.

कानस_आणि_कॅलिपर:
लागणारच, ती खाली निमुळती असते. नवीन ग्रिप बसवताना आत मास्किंग टेपचे दोन थर जास्त द्या. शेवटी कापायचंच ठरलं तर अर्ध्या-अर्ध्या इंचाने, आणि ग्रिपच्याच टोकाकडून. टिपकडून (हेडच्या बाजूने) कापलात तर शाफ्ट, म्हणजे दांडी, जाम कडक होईल. ग्रॅफाइटला टेप गुंडाळून बारीक दातांची करवत, स्टीलला प्लंबरचा पाइप कटर. बोहरी आळीत मिळेल. आयर्न मात्र कापायच्या आधी लाय (दांडी आणि जमीन यांमधला कोन) बघून घ्या. इंच कमी केला की लाय साधारण दोन अंश सपाट लागते. पुतण्याने ती आधीच उभी करून घेतली असेल तर हिशेब वेगळा.

गॅलरीतला_गोल्फर:
पुतण्याला फोन लावला. म्हणाला, "काका, तुम्ही सेट परत पाठवणार आहात का?"