नुसतं ‘येस’ पुरेसं की ‘येस, ही डज’च हवं?

शब्दवेडी:
काल लेकीची इंग्रजीची वही बघत होते. प्रश्न होता, ‘डज ही स्विम?’ तिनं लिहिलं होतं, ‘येस, ही स्विम्स.’ त्यावर लाल फुली. ती विचारते, ‘पोहतो का, तर पोहतो. चुकलं काय?’

तिचं मराठी डोकं बरोबरच चाललंय. ‘आलास का?’ ‘आलो.’ आपण क्रियापदच उचलून परत देतो. इंग्रजी मात्र मुख्य क्रियापद टाकून देते आणि प्रश्नाच्या तोंडाशी जो शब्द असतो तो परत करते. डजला डज, कॅनला कॅन. ‘डू यू हॅव अ पेन?’ला ‘आय डू’, पण ‘हॅव यू गॉट अ पेन?’ला ‘आय हॅव’. अर्थ तोच, उत्तर वेगळं. माझं ठाम मत आहे की हे मुलांकडून घोटून घ्यावं. ही सवय लागली की ‘इजन्ट इट?’, ‘सो डू आय’ हे सगळं आपसूक जमतं.

मोकळा_श्वास:
अजिबात पटलं नाही. मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतो. ‘आर यू रेडी?’ विचारलं की समोरच्याचे ओठ हलतात, आवाज फुटत नाही. तयार आहे की नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तो अडकतो ‘डू’ की ‘ॲम’मध्ये. ‘येस’ म्हणून मोकळा झाला असता तर पुढचं वाक्यही बोलला असता. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेसुद्धा दर ‘येस’ला ‘आय डू’, ‘आय ॲम’ असं शेपूट लावत नाहीत. आणि ती लाल फुली तर अन्यायच. ‘येस, ही स्विम्स’ कानाला जरा खटकेल, पण व्याकरणात चूक नाही.

शब्दवेडी:
फुलीबद्दल मान्य, तिथं समजावून सांगायला हवं होतं. पण काही ठिकाणी नुसतं ‘नो’ तोडून टाकल्यासारखं लागतं. ‘नो, आय कान्ट’ म्हटलं की धार कमी होते.

जुनी_वही:
खरी अडचण नकारार्थी प्रश्नात आहे, तिचं कुणी नावच काढलं नाही. ‘तू येणार नाहीस ना?’ला आपण म्हणतो, ‘हो, नाही येणार.’ आपला ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत मात्र वस्तुस्थिती बघायची: येणार नसाल तर ‘नो’च. मला एकदा फोनवर विचारलं, ‘हॅवन्ट यू सेंट द फाइल?’ मी म्हणाले, ‘येस’, म्हणजे ‘हो, नाही पाठवली’. ते संध्याकाळपर्यंत फाइलची वाट बघत बसले. ‘नो, आय हॅवन्ट’ म्हणायची सवय असती तर ‘हॅवन्ट’ उच्चारतानाच माझी मला चूक कळली असती.

जुन्या इंग्रजीभाषकांकडे यावर सोय होती. साध्या प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. 16व्या शतकात इंग्रज विद्वान टॉमस मोर यांनी हा फरक पाळला नाही म्हणून बायबलचे इंग्रजी भाषांतरकार विल्यम टिंडेल यांना धारेवर धरलं होतं. फ्रेंचमध्ये ‘सी’ आणि जर्मनमध्ये ‘डॉख’ हे शब्द प्रश्नातला नकार खोडून काढायचं काम अजून करतात. इंग्रजीतली ‘ये’-‘ने’ ही जोडी गेली आणि तो भार आता या शेपटावर आलाय.

मोकळा_श्वास:
फाइलच्या उदाहरणापुढे माझ्याकडे उत्तर नाही. पण मग शिकवण्याचा क्रम तरी बदला. जिथं घोटाळा होतो तिथं शेपूट आधी शिकवा, ‘आर यू रेडी?’ला नको.

शब्दवेडी:
उलट सोप्या प्रश्नांवर जीभ वळली तरच अवघड जागी वळेल. शिवाय एक बारकावा: ‘येस, आय ॲम’ म्हणताना शेवटच्या ‘ॲम’वर जोर येतो, म्हणून तिथं ‘आयम’ असं जोडून चालत नाही. ‘नो, आयम नॉट’ चालतं, कारण जोर ‘नॉट’वर जातो. नियम सांगून हे कळत नाही, दहा वेळा मोठ्यानं म्हणावं लागतं.

मोकळा_श्वास:
मोठ्यानं म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही, वहीत लिहून फुल्या खायला आहे. उद्याच्या वर्गात फक्त ‘डोन्ट यू’ आणि ‘हॅवन्ट यू’ घेतो. साध्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे नुसतं ‘येस’ चालेल.