अनुभव धागा: मृगाआधी गाडीत काय काय बघता?

मृग लागायच्या आधीचा एखादा रविवार, ऊन चढायच्या आत, दीड तास गाडीला द्यायचा. सर्व्हिसिंगला गाडी देता ती द्याच. हा धागा मालकाने स्वतः करायच्या कामांसाठी आहे. साहित्य फार नाही: हवेचं मीटर, १० नंबरचा पाना, मल्टिमीटर, टॉर्च, जुना टूथब्रश, दोन फडकी.

अट एकच. आकडा सांगा, कारण सांगा. "हवा बरोबर ठेवावी" असं मोघम नको. गाडी कुठे बंद पडली आणि कोणी किती लुबाडलं, त्या किश्शांनाही इथे सुट्टी. खाली प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

सुरुवात टायरपासून करतो. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. बहुतेक हॅचबॅकला ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, ती भरायची नसते. मोजायची ती थंड टायरमध्ये, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापून आकडा दोन-तीनने वर जातो. तिथला मुलगा "३५ आहे, कमी करतो" म्हणत हवा सोडतो आणि सकाळी टायर ३० वर असतो. घरीच मोजून "चारही चाकांत दोन-दोन पॉइंट वाढव" एवढंच सांगावं.

नक्षी किती उरली ते खोबणीत बघा. आडवे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिमीचे. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर कायद्यानेही बाद. पण पावसासाठी तिथवर थांबू नये. खोबणीचं काम पाणी बाजूला सारणं, आणि ३ मिमीच्या खाली ते काम पटापट ढासळतं. मग वेगात साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. मधेच झिजलेला टायर म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलंय. वयही बघा. टायरच्या अंगावर 'डॉट' (DOT) लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार अंक २३१९ असतील तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांत रबर कडक होतं आणि ओल्या डांबरावर धरत नाही.

नटबोल्ट

चार टायर मोजून लोक डिकी बंद करतात. पाचवा कोण बघणार? स्टेपनीत नेहमी थोडी जास्त हवा ठेवा, सोडणं सोपं असतं. स्टेपनी बारीक असेल तर तिची हवा वेगळी असते, काहींना तर ६० पीएसआय लागते, आणि वेगमर्यादा बहुधा ८० ची असते. दोन्ही तिच्यावरच लिहिलेलं असतं.

एकदा कोरड्यात चाक काढून परत बसवा. जॅक लागतो का, पाना नटावर बसतो का, हे भर पावसात कळून उपयोग नाही. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, काढायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावायचा. नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅक दाराखालच्या पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवर, दोन खाचांच्या मधे. खाली ओली माती असेल तर फळीचा तुकडा. नट आवळताना एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे.

किती आवळायचे? बहुतेक छोट्या गाड्यांना १०० न्यूटन-मीटरच्या आसपास, नक्की आकडा पुस्तिकेत. गाडीसोबतचा पाना जेमतेम फूटभर असतो. त्याच्या टोकाला ३५ ते ४० किलो जोर लावला की तेवढं होतं. पान्यावर उभं राहून उड्या मारल्या तर त्याच्या दुप्पट होतं, बोल्ट ताणला जातो आणि पुढच्या वेळी नट सुटत नाही. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून बघा.

बारा व्होल्ट

पावसात वायपर, दिवे, ब्लोअर, मागच्या काचेची तार हे सगळं एकदम चालू असतं आणि गाडी सिग्नलला उभी. उन्हाळा जेमतेम काढलेली बॅटरी इथे उघडी पडते.

रात्रभर उभ्या गाडीत, सेल्फ मारण्याआधी मोजा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून १२.६ आली तर पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ संपली. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. ९.६ च्या खाली बुडी मारली तर बॅटरीचे दिवस भरले. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. नव्या माइल्ड हायब्रिड गाड्यांत (इंजिनला छोट्या मोटरची जोड असलेल्या) अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारा जनित्र, गरजेनुसार चार्ज करतो, तिथे आकडा खालीवर होतो. त्यावरून लगेच अल्टरनेटर बदलू नका.

टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी असेल तर आधी काळी वायर काढा, मग लाल. लावताना उलट, काळी शेवटी. लाल आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. कपभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा, टूथब्रशने लावायचं, फसफसणं थांबलं की साध्या पाण्याने धुवायचं. सोड्याचं पाणी झाकणाच्या छिद्रांतून बॅटरीत जाऊ देऊ नका. कोरडं करून, वायर आवळून, वरून व्हॅसलिन. क्लँप हाताने फिरत असेल तर तो ढिलाच आहे. निम्म्या "बॅटरी गेली"च्या तक्रारी इथेच मिटतात. वायर काढली की घड्याळ शून्यावर जातं, आणि काही गाड्यांत काचेचं ऑटो बटण रुसतं. काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद तसंच ओढून धरलं की बहुतेकदा परत चालू होतं.

सुईदोरा

वायपर कधी बदलायचा ते तो पुसतानाच सांगतो. बारीक रेघा उठल्या तर रबरात कचरा. ओल्या फडक्याने पातं चिमटीत धरून पुसा, काळं यायचं थांबेपर्यंत. पेट्रोल-रॉकेल लावू नका, रबर फुगतं. मधेच एक पट्टा पुसलाच जात नसेल तर रबर वाकडं झालंय. थडथड उडत असेल तर कडक झालंय किंवा काचेवर तेलकट थर आहे. पातं बदलताना ड्रायव्हरकडची आणि डावीकडची लांबी बहुधा वेगळी असते, आधी मोजून घ्या. आणि पातं काढलं की दांड्याखाली टॉवेलची घडी ठेवाच. दांड्याची स्प्रिंग ताठ असते. नुसता लोखंडी दांडा काचेवर आपटला तर वायपरच्या जोडीला काचही घ्यावी लागेल.

काचेवरचा तेलकट थर शाम्पूने जातो, पण तीनचार वेळा धुवावं लागतं. पाणी थेंबाथेंबाने न थांबता पसरून वाहिलं की काच स्वच्छ. वॉशरच्या टाकीत भांड्यांचा साबण नको, फेस येतो आणि वाळून नोझल बुजतं. बुजलेलं नोझल साध्या शिवणाच्या सुईने मोकळं होतं, त्याच सुईने फवाऱ्याची दिशाही वर-खाली होते.

काच धुकटली तर आधी बोट फिरवून बघा. आतून असेल तर एसी चालू, तापमान गरमकडे, हवा बाहेरची घ्यायची. बाहेरून असेल तर काच फार गार झालीय. वायपर मारा, एसीचं तापमान वाढवा आणि झोत काचेवरून हटवा. आतल्या धुक्यावर ओला रुमाल फिरवणं हा राष्ट्रीय उपाय आहे, त्याने दोन मिनिटांत पुन्हा तेच होतं.

घाटकरी

ब्रेक ऑईलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश, ओलं झाल्यावर किमान १५५. आंबोली किंवा वरंधा घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला की कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) तापतात, त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्यातच उतरायचं.

पातळी कमी दिसली की बाटली आणून ओतू नका. पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू उतरतेच. वरून भरलंत आणि पुढे नवे पॅड बसवले की पिस्टन मागे जाऊन तेल टाकीबाहेर सांडतं, आणि हे तेल रंग खातं. आधी पॅड बघा. अलॉय चाकं असतील तर आऱ्यांमधून टॉर्च मारून दिसतात. नवे साधारण १० मिमी, ३ मिमीला बदलायचे. पॅड जाड आणि पातळी तरी खाली, तर गळती आहे. मग गाडी हलवायची नाही, मेकॅनिक बोलवायचा.

पायाने करायच्या दोन तपासण्या. एक, इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबा, कडक झालं की दाबूनच ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक. दोन, इंजिन चालू असताना अर्धा मिनिट पेडल घट्ट दाबून ठेवा. ते हळूहळू जमिनीकडे सरकत राहिलं तर मास्टर सिलिंडर (पेडलने तेलावर दाब देणारा पंप) आतून गळतोय किंवा बाहेर कुठे गळती आहे.

पाऊस पडून गेल्यावर सकाळी डिस्कवर केशरी गंज दिसतो. दोनतीन ब्रेकांत जातो, घाबरू नये. पण आठ-दहा दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ड्रमला ब्रेकचे शू चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून दगड लावा.

ओली चटई

बॉनेट उघडलं की काचेच्या खाली प्लास्टिकची जाळी दिसते. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी तिथे हात घालावाच, बारीक पानांचा गाळ निघतो. तो साचला की पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येतं. दारांच्या खालच्या कडेला तीनचार लांबट छिद्रं असतात, ती टूथपिकने मोकळी करा. दार हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला तर ती बुजलीत.

सनरूफवाल्यांनी तो उघडून कोपऱ्यातल्या नाळीत अर्धा कप पाणी हळू ओतावं. काही सेकंदांत ते त्या बाजूच्या चाकापाशी टपकायला हवं. बुजलं असेल तर नायलॉनचा मऊ दोरा घाला. पंपाची हवा मारू नका, छताच्या आत नळी निसटली तर अख्खं अस्तर काढावं लागतं.

डावीकडची चटई पाऊस नसतानाही ओली होत असेल तर ते एसीचं पाणी, निचऱ्याची नळी बुजलीय. बोटाला चिकट आणि वासाला गोडसर लागलं तर ते कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव), म्हणजे हीटरचा कॉइल गळतोय.

दिवाबत्ती

ब्रेकचे दिवे एकट्याने बघायचे असतील तर गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि आरशात बघा. हेडलाइटचा एच४ बल्ब ६०/५५ वॅटचाच घ्या. १००/९० लावलात तर होल्डर वितळतो, शिवाय ते बेकायदा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. फ्यूज रंगावरून ओळखा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून मोठा टाकणं म्हणजे वायरिंगलाच फ्यूज बनवणं.

तेलपाणी

ऑईलची पट्टी बघताना गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, मग दुसऱ्यांदा काढून वाचा. दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत लिटरभर अंतर असतं, म्हणजे निम्म्यावर असेल तर अर्धा लिटर. वरच्या खुणेपलीकडे भरू नका. इंजिनचा फिरता क्रँक तेलात आपटून फेस होतो आणि फेस वंगण देत नाही. बीएस६ डिझेलवाल्यांनी उलटं बघावं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होण्याचं चक्र शहरातल्या छोट्या फेऱ्यांत अर्धवट राहतं, जास्तीचं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि पातळी *वाढते*. वाढलेली पातळी ही चांगली बातमी नाही.

कुलंट बघायचं-भरायचं ते इंजिन थंड असतानाच. आमच्याकडे बोअरचं पाणी सर्रास ओततात. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चहाच्या पातेल्यासारखे बसतात.

नटबोल्ट

@तेलपाणी, अडल्या ठिकाणी साधं पाणी ओतायला हरकत नसावी. रेडिएटर कोरडा ठेवून गाडी चालवण्यापेक्षा परवडलं.

तेलपाणी

अडलं तर आरओचं पाणी चालेल, मग परतल्यावर सगळं काढून नवीन भरा. हिरव्या कुलंटमध्ये गुलाबी मिसळू नका, प्रकार वेगळा असला तर गंज रोखणारी रसायनं एकमेकांना मारक ठरू शकतात. बाटलीवर मिश्रण तयार लिहिलंय की घट्ट, तेही वाचा. घट्ट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्म.

गॅसवाला

सीएनजीवाल्यांसाठी एवढंच: सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी, तारीख पट्टीवर बघा. बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात, म्हणून टाकीत दहा-एक लिटर ताजं पेट्रोल असू द्या. गळतीची शंका आली तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून थेट अधिकृत दुकानात. पाना हातात घेऊ नका, आत २०० बार दाब असतो.

घाटकरी

उंदरांचं राहिलं. पहिल्या मोठ्या पावसात बिळं भरली की ते बॉनेटखाली येतात. एअर फिल्टरचं झाकण उघडा, आत कापूस-चिंध्या दिसल्या तर घरटं आहे. तंबाखूची पानं वास असेपर्यंत चालतात, साधारण आठवडा, मग बदलावी लागतात. फिल्टरच्या तोंडाला बारीक तारेची जाळी टिकते, पण पट्ट्यांच्या आणि पंख्याच्या जवळ काहीही सैल बांधू नका.

बारा व्होल्ट

साचलेल्या पाण्याबद्दल एक ओळ. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारायचा नाही, एकदाही नाही. फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलला, ढकलून बाहेर, मग बॅटरीची काळी वायर काढा आणि फिल्टर उघडून बघा. फिल्टरचा कागद ओला असेल तर टो करूनच न्या.