मोठ्याचं मटण कितीही शिजवलं तरी दोरे-दोरे होतंय, काय करू?

वारणाकाठ:
राम राम मंडळी. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. पोरगं तालमीत जायला लागलंय, भूक दांडगी. बोकडाचं सारखं आणणं परवडत नाही, म्हणून मिरजेतून मोठ्याचं आणतो. (म्हशीचंच असतं, त्यावर इथं वाद नको.) ओळखीचा दुकानदार मांडीचं लालभडक, बिनहाडाचं, चरबी काढून देतो. कांदा-लसूण चटणी, खोबरं-तिळाचं वाटण घालून कुकरला लावतो. शिट्ट्या वाढवल्या तरी तुकडा कोरडाच, दातात दोरे. पपई लावली तर वरून चिखल, आत तसंच.

सातारी_मिरची:
सुपारीचं खांड टाका. आमची आई टाकायची.

मिरज_जंक्शन:
सुपारी टाकून बिघडत काही नाही, पण इथं उपयोगही नाही. दादा, तुमचा दुकानदार चांगुलपणानं घोळ घालतोय. मांडीचं निवडक मांस अशा शिजवण्याला चालतच नाही. त्याला म्हणा, बोंग दे, नाहीतर सीना, म्हणजे छातीचं. बोंग म्हणजे पायाची पोटरी. जनावराचं सगळं वजन पेललेलं, त्यामुळे पांढऱ्या शिरा आणि पडदे भरपूर. गिऱ्हाईक ते बघून नाक मुरडतं, म्हणून स्वस्त. आणि आपल्याला नेमकं तेच पाहिजे!

मांसाचे धागे तापले की आकसतात आणि पाणी बाहेर टाकतात. हे सगळ्याच मांसाचं होतं. पण त्या पांढऱ्या पडद्यांतलं कोलॅजन 70 अंशांच्या पुढं हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, आणि खाताना जो ओलसर मऊपणा लागतो तो त्याचा. मांडीत ते कमी. तिथं जेवढं जास्त शिजवाल तेवढं कोरडं. पपईचा जोर वरच्या थरापुरताच, ती सोडा.

आमच्या घरची पद्धत: तुकडे मोठे, मुठीएवढे ठेवा. फडक्यानं कोरडे करून जाड बुडाच्या पातेल्यात थोडे-थोडे टाकून तांबूस परता. एकदम सगळे टाकले की पाणी सुटतं आणि परतायचं राहूनच जातं. ते काढून त्याच तेलात भरपूर कांदा, आलं-लसूण, चटणी. मग मटण परत घालून गरम पाणी निम्म्यापर्यंतच, बुडवायचं नाही. झाकणाची कड कणकेनं लिंपा. गॅस अगदी बारीक, रश्श्यात मधूनच एखादा बुडबुडा यावा. तीन-साडेतीन तास लागतात, जनावर म्हातारं असेल तर आणखी. दोन तासांनी उघडून बघाल तर वाटेल वाया गेलं. तेव्हाच थांबायचं नाही. चमच्यानं दाबल्यावर तुकडा सुटला पाहिजे.

खोबऱ्याचं वाटण शेवटच्या अर्ध्या तासात. आधी घातलं तर बुडाला लागतं.

वारणाकाठ:
एवढा वेळ गॅस जाळायचा म्हणजे स्वस्ताचं महाग झालं की ओ! कुकरमध्ये बोंग चालेल का?

मिरज_जंक्शन:
चालेल की. शिट्टी झाली की गॅस बारीक करून पाऊण तास. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की आतला रस एकदम उकळतो आणि मांस चिवट राहतं. चव पातेल्याची उजवी, पण कामाच्या दिवशी आम्हीपण कुकरच लावतो.

जमलं तर आदल्या रात्री शिजवा. रस्सा गार झाला की म्हशीची पांढरी चरबी वर घट्ट जमते, ती चमच्यानं उचलून काढता येते. तुकडे रश्श्यातच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी हळू गरम करा.

सातारी_मिरची:
मग बोकडाच्या मानेला पण हेच लागू का?

मिरज_जंक्शन:
हो ताई, मान आणि खांदा दोन्हीला. वेळ मात्र निम्माच धरा. आणि दादा, बोंग पाहिजे तर सकाळी लवकर जा. निहारीवाले आधी तेच उचलतात.